गळाला शिंपला: खान्देशातल्या धरणकाठावरून मासेमारी

कणकेच्या गोळीला रोहू येतो, गांडुळाला जे समोर येईल ते येतं. शिंपला, गोगलगाय, झिंगा आणि खेकडा ही कवचवाली आमिषं मात्र तळाशी चरणाऱ्या किंवा मांस खाणाऱ्या माशांसाठी आहेत. सायप्रिनस (कॉमन कार्प), शिंगाडा, शिवडा (कुठे त्याला पडीन म्हणतात), वाम, मरळ आणि आपली सगळीकडे पसरलेली चिलापी यांच्यासाठी ती वापरावीत. कटल्यासाठी शिंपले फोडत बसू नका. त्याचं तोंड वर वळलेलं असतं आणि तो वरच्या थरातलं बारीक जीवजंतूंचं खाणं गाळून खातो, तळाच्या मांसाशी त्याला देणंघेणं नाही. रोहू क्वचित उचलतो, पण त्यावर दिवस घालवण्यात अर्थ नाही. सायप्रिनसची गोष्ट वेगळी. त्याच्या घशात चपटे दात असतात आणि लहान गोगलगाय तो कवचासकट चुरतो.

गावात गळाला 'गय' म्हणताना ऐकू येईल. अहिराणीत ळ चा य होतो, म्हणून तळं म्हणजे 'तयं' आणि काळा म्हणजे 'काया'. काठावरच्या माणसाला काही विचारताना हे कानात असलेलं बरं.

पुढचं सगळं हतनूर, गिरणा, वाघूर, अनेर यांसारखी धरणं, तापीवरचे सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा इथले बॅरेज, आणि नवापूर-नंदुरबारकडे पसरलेलं उकाईचं फुगवट्याचं पाणी डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे. बहुतेक जलाशयांत मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे असतो. पहिल्यांदा जाताना काठावरच्या भोयांना किंवा संस्थेच्या माणसाला विचारून परवानगी घ्या. त्यांनी जिथे जाळं लावलंय तिथून निदान ५० मीटर लांब बसा. जाळ्यात अडकलेला गळ काढायला जाळं कापावं लागतं, आणि त्या भांडणात चूक नेहमी गळवाल्याचीच असते.

शिंपले कुठे आणि किती

गोड्या पाण्यातला शिंपला गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या पाण्यात, वाळू मिसळलेल्या मऊ चिखलात अर्धा रुतून बसतो. नुसत्या काळ्या, वास मारणाऱ्या गाळात तो नसतो, कारण तिथे त्याला श्वास घेता येत नाही. हतनूरला गाळ फार साचला आहे. तिथे पाण्याच्या मध्याकडे न जाता नाला येऊन मिळतो त्या वाळूच्या जिभेवर शोधावं. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की ओल्या चिखलात बोटाने ओढल्यासारखी उथळ चरी दिसते, कधी हातभर, कधी दोन हात. ती शिंपल्याची वाट. चरीच्या पाण्याकडच्या टोकाला हात घातला की शिंपला लागतो. पाण्यात असेल तर अनवाणी पायाच्या तळव्याने चाचपायचं, पण पाय सरकवत, दाबून टाकत नव्हे. फुटक्या शिंपल्याची कड पत्र्यासारखी कापते.

अर्ध्या दिवसाला मध्यम आकाराचे, म्हणजे ५ ते ७ सेंटिमीटरचे, १५ शिंपले पुरतात. एका शिंपल्यात दोन गळांचं आमिष निघतं. तळहाताएवढे मोठे शिंपले परत ठेवा. ते जुने असतात आणि पुढची पिढी त्यांच्यावरच चालते. त्यांची पिल्लं जन्मल्यावर काही दिवस माशांच्या कल्ल्यांना किंवा पंखांना चिकटून राहतात आणि मग तळाला पडतात. शिंपला दिवसभर पाणी गाळत असतो, त्यामुळे पाण्यातलं शिसं, पारा त्याच्या अंगात साठतं. गावाचं सांडपाणी किंवा कारखान्याचं पाणी मिळतं तिथले शिंपले आमिषाला चालतील, पण ते खाऊ नयेत, आणि तिथला मासाही खाऊ नये.

शिंपला जिवंत आहे की मेलेला, हे ओळखणं सोपं. किंचित उघड्या शिंपल्यावर नखाने टिचकी मारा. मिटला तर जिवंत. उघडाच राहिला तर बाजूला काढा, तो गळाला नको, चाऱ्यात (मासे जमवायला पाण्यात टाकायच्या खाण्यात) टाका. जिवंत आणि कुजका यांच्या वासात फरक असतो आणि माशाला तो कळतो. शिवडा सडकं उचलतो, सायप्रिनस कुजक्याकडे फिरकत नाही.

ऊन ही खरी अडचण

खान्देशात एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो. सकाळी ७ ला आणलेलं मांस ११ वाजता हिरवट-राखाडी होऊन हाताला लागतं. बहुतेकांचा दिवस आमिष फुकट जाऊन संपतो, मासा नाही म्हणून नव्हे.

जिवंत शिंपले बादलीत पाण्यात ठेवू नका. साचलेल्या गरम पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो आणि पंधराच्या पंधरा एकत्र मरतात. गोणपाट धरणाच्या पाण्यात बुडवून पिळा, त्यात शिंपले गुंडाळा, आणि सावलीत झाडाच्या बुंध्याशी ठेवा. दर अर्ध्या तासाला गोणपाटावर पाण्याचा हबका मारायचा. उन्हाळ्यात ५-६ तास आणि हिवाळ्यात दिवसभर राहतात. रावेर-यावल पट्ट्यात असाल तर केळीची दोन पानं मागून घ्या. आतून केळीचं पान आणि बाहेरून ओलं गोणपाट असं गुंडाळलं की आत ओल टिकते आणि ऊन लागत नाही. नुसत्या प्लास्टिक पिशवीत ठेवलेली वस्तू मात्र आतल्या आत शिजते.

सोललेलं मांस, झिंगे आणि खेकड्याचे तुकडे यांना बर्फ लागतो. आदल्या रात्री अर्ध्या लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवा (काठोकाठ भरू नका, बर्फ फुगतो आणि बाटली फाटते), कापडात गुंडाळा आणि आमिषाचा डबा मध्ये ठेवा. सुट्या बर्फात मांस थेट ठेवू नका. वितळलेल्या पाण्यात ते भिजून पांढरं आणि फिकं होतं, आणि त्याचा रस, म्हणजे माशाला ओढणारी गोष्ट, पाण्यात निघून जाते.

शिंपला उघडणे

टोकदार चाकू घेऊ नका. बोथट, पातळ पात्याची सुरी किंवा लोणी लावायची सुरी घ्या. डाव्या हातात जाडसर फडकं, त्यावर शिंपला, बिजागरीची कड तळव्याकडे. दोन शिंपांच्या मधली फट शोधून सुरी आत सरकवा, पण मध्यातून नाही. शिंपल्याच्या दोन टोकांना एकेक गोल, घट्ट स्नायू असतो, शिंप मिटून धरणारा. सुरी वरच्या शिंपेला चिकटवून पुढे सरकवली की हाताला एक चिवट गाठ लागते, ती कापायची. मग दुसऱ्या टोकाची. दोन्ही सुटले की शिंप आपोआप उघडते. घट्ट मिटलेला असेल तर कापडात गुंडाळून कोमट पाण्यात मिनिटभर ठेवा, ढिला पडतो. उकळतं पाणी नको, मांस अर्धं शिजतं.

आत चार प्रकारचं मांस दिसेल आणि हे वेगळं ओळखायला शिकणं हीच या आमिषाची किल्ली आहे. कडेची झालर पातळ आणि थोडी चिवट. त्याखालचे कल्ले मऊ, पाण्यात लगेच विरघळतात. मधला गोळा, म्हणजे पोट, रसदार पण लोण्यासारखा, गळावर टिकत नाही. आणि त्यातून पुढे आलेली पिवळट-केशरी, जिभेसारखी जाड वस्तू, तो शिंपल्याचा पाय. चिवट आहे, ओढून पाहिलं तर रबरासारखा ताणतो. गळावर तोच राहतो. पाय काढा, झालर काढा, बाकी सगळं चाऱ्याच्या डब्यात. पोट बारीक माशांना क्षणात जमवतं, म्हणून गळावर लावायला ते नको, पण चाऱ्यात सोन्यासारखं.

ताजा पाय थेट गळाला लावला तरी चालतो, पण बारीक मासे टोचून टोचून काढतात. मिठाने तो कातड्यासारखा होतो. प्रत्येक १०० ग्रॅम मांसाला २० ग्रॅम, म्हणजे साधारण चार सपाट चहाचे चमचे, खडेमीठ. डब्यात मीठ, मांस, मीठ असे थर, झाकण लावून ६ ते ८ तास फ्रीजमध्ये. पाणी सुटेल, ते ओतून द्या. मग कापडाने टिपून सावलीत तासभर वाऱ्यावर ठेवा. मीठ पेशीतलं पाणी बाहेर ओढतं, म्हणून मांस आकुंचून घट्ट होतं. जास्त वेळ ठेवलं तर कडक होऊन गळाचं टोक आत जात नाही, आणि मीठ इतकं भरतं की मासा उचलून थुंकतो. म्हणून वापरण्याआधी धरणाच्या पाण्यात एक मिनिट धुवा. असं मुरवलेलं आमिष फ्रीजमध्ये हवाबंद डब्यात आठवडाभर टिकतं. हळद, हिंग, लसूण घालणारे खूप आहेत. हिंग चालतो, अगदी चिमूटभर, पण ताज्या शिंपल्याला त्याची गरज नाही.

गळाला लावताना जाड टोकातून गळ आत घाला, अर्ध्यावर बाहेर काढा, वळवा आणि परत टोचा. टोक २-३ मिलिमीटर उघडं राहिलं पाहिजे. नवशिका हे टोक पूर्ण मांसात लपवतो, कारण मासा पाहील असं त्याला वाटतं. मासा टोक पाहत नाही. लपलेलं टोक मात्र हिसका मारताना मांसातच फसतं आणि मासा सुटतो.

मग शिलाईचा सुती दोरा. रीळ खिशात ठेवा. गळाच्या दांड्याला टोक अंगठ्याने दाबून धरा, आणि मांसावरून ८-१० वेढे ओढून घ्या, तिरपे, एकमेकांवरून जाणारे. शेवटी झटका देऊन दोरा तोडा. सुती दोऱ्याला गाठ लागत नाही, वेढे ओल्या मांसात रुतून स्वतःच धरतात. पॉलिएस्टरचा दोरा गुळगुळीत असतो, तो घसरतो, आणि तुटून तळाशी पडला तर वर्षानुवर्षं राहतो. हे दोऱ्याचं काम पंधरा सेकंदांचं आहे आणि अर्धी तक्रार ('आमिष राहतच नाही') त्यानेच मिटते.

गोगलगाय

धरणाच्या काठी दोन प्रकारच्या नेहमी सापडतात: टोकदार, वेढ्यांची, दोन-तीन सेंटिमीटरची लहान, आणि गोल, पेरूसारखी, मोठी. लहान सायप्रिनसला, मोठी शिवड्या-शिंगाड्याला. दोन्हींच्या तोंडावर एक कडक झाकण असतं. ते काढल्याशिवाय गळाला लावलं तर गळाचं टोक त्यावर आपटून बोथट होतं.

दगडावर ठेवून शेवटच्या, सर्वात मोठ्या वेढ्यावर हलका ठोका द्या. पूर्ण चिरडायचं नाही, तडा गेला की कवचाचे तुकडे नखाने सोलायचे. दुसरा मार्ग, गरम (उकळतं नव्हे) पाण्यात दीड-दोन मिनिटं ठेवा, मग सुई टोचून फिरवत ओढा, मांस स्क्रूसारखं बाहेर येतं. पुढचा जाड पाय गळाला, मागचा मऊ पिळाचा भाग चाऱ्यात. कवचाची बारीक चिप्पी मांसात राहिली तर सायप्रिनस तोंडात घेऊन लगेच सोडतो, म्हणून बोटाने चोळून बघा.

गोगलगाय हाताळताना जखम झाकलेली असू द्या आणि नंतर हात साबणाने धुवा. काही जातींमध्ये गुरांच्या कृमींची पिल्लं वाढतात. ती पाण्यात सुटली की माणसाच्या कातडीत शिरण्याचा प्रयत्न करतात आणि पायाला लाल पुरळ, खाज येते. म्हणूनच गोगलगाईंच्या गर्दीत, गुरं उतरतात त्या उथळ पाण्यात तासभर उभं राहू नका.

झिंगे आणि खेकडे

झिंगा ही सर्वात सोपी आणि सर्वात नाजूक गोष्ट. संध्याकाळी बाभळीच्या किंवा पळसाच्या पाल्याची जुडी दोरीला बांधून काठालगत एक-दीड हात पाण्यात टाका, एक दगडही बांधा म्हणजे बुडेल. सकाळी जुडीखाली मच्छरदाणीच्या कापडाची झोळी सरकवून एकत्र उचला, पानांत लपलेले झिंगे झटकून घ्या. रात्री बॅटरीच्या उजेडात त्यांचे डोळे नारंगी चमकतात, तेव्हाही झोळीने मिळतात.

जिवंत ठेवायचे तर रुंद तोंडाच्या बादलीत, धरणाचंच पाणी घ्या. नळाचं पाणी नको, त्यातल्या क्लोरीनने ते मरतात. अर्ध्या तासाने निम्मं पाणी बदला किंवा बॅटरीवरचं हवा सोडणारं छोटं यंत्र लावा. मेलेला झिंगा काही तासांत डोक्याकडून काळा पडतो आणि डोकं गळून पडतं. अशा वेळी डोकं आधीच काढून शेपूट वापरा.

जिवंत झिंगा लावताना गळ शेपटीकडच्या दुसऱ्या-तिसऱ्या कड्याच्या खालून वर काढा. पाठीत दिसणाऱ्या काळ्या रेषेला टोचू नका. तो झटके मारत राहतो आणि वाम, मरळ यांना तेच हवं असतं. चिलापीसाठी सोललेल्या शेपटीचा एक सेंटिमीटरचा तुकडा पुरतो, तिचं तोंड लहान आहे. बाजारातली बर्फावरची कोळंबी चालते, पण तिचं मांस बहुधा आधीच एकदा गोठून सैल झालेलं असतं, म्हणून वरच्यासारखंच मीठ लावून दोन तास ठेवा.

आठवडी बाजारात सुकट आणि जवळा मिळतो. तो गळाला लावायचा नाही, चाऱ्यात घालायचा. कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून चुरला की पाण्यात त्याचा वास लांब पसरतो.

खेकडा पावसाळ्यात मिळतो. मोठ्या शिवड्यासाठी याच्याइतकं दुसरं आमिष नाही, आणि नुकती कात टाकलेला मऊ खेकडा मिळाला तर बाकीचं सगळं बाजूला ठेवा. कडक कवचाचा असेल तर पाठीचं कवच काढून मधल्या शरीराचे चार तुकडे करा, पाय तोडून घ्या, आणि तुकडा गळाला दोऱ्याने गच्च बांधा. नांग्या ठेचून आत राहणाऱ्या मांसासकट वापरता येतात.

गळ, तंगूस आणि शिसं

गळाच्या साध्या क्रमांकात आकडा मोठा तसा गळ लहान. १/०, २/० अशा शून्यवाल्या क्रमांकांत मात्र उलटं, आकडा मोठा तसा गळ मोठा. चिलापीला ८ ते १० नंबर, सायप्रिनसला ४ ते ६, वामला ४, आणि शिंगाडा-शिवड्याला १/० ते ३/०. तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) लहान माशांना ०.३० मिलिमीटर, मोठ्यांना ०.४० ते ०.४५. शिवड्याच्या जबड्यात बारीक दातांची करवत असते, ती नायलॉन घासून तोडते, म्हणून गळाच्या वर अर्धा हात बारीक स्टीलची तार.

गळाची गाठ अशी: तंगूस गळाच्या डोळ्यातून (वरच्या भोकातून) काढा, मूळ धाग्याभोवती सहा वेढे द्या, टोक डोळ्याजवळच्या पहिल्या फाशातून परत घ्या, ओली करून हळू ओढा. कोरडी ओढली तर घासून तापते आणि तिथेच कमजोर पडते. ही गाठ तुटली तर मासा, गळ आणि शिंपला तिन्ही गेले.

शिसं सरकतं ठेवा. मुख्य तंगुसात ३० ते ५० ग्रॅमचं मधे भोक असलेलं शिसं घालून त्याखाली प्लास्टिकचा मणी, मग भोवरी (फिरणारी कडी), आणि भोवरीपासून गळापर्यंत ४० ते ६० सेंटिमीटरचा तुकडा. मासा आमिष उचलून चालू लागला तरी शिशाचं वजन त्याला लागत नाही, दोरी शिशातून सरकते. घट्ट बांधलेलं शिसं जड लागताच सायप्रिनस तोंडातून टाकून देतो.

मऊ गाळात, हतनूरसारख्या ठिकाणी, गोल शिसं बुडून जातं आणि मागून आमिषही. चपटं शिसं घ्या, आणि गळाच्या देठाजवळ जुन्या चप्पलेच्या तळव्यातला फोमचा हरभऱ्याएवढा तुकडा ओवा. आमिष गाळाच्या वर चार बोटं तरंगतं. फोम किती लागेल ते आधी काठाजवळच्या पाण्यात बघून घ्या: आमिष पूर्ण वर उठत असेल तर तुकडा कापा, तळाला पडलं तर मोठा घ्या. खडकाळ काठावर उलटी अडचण. तिथे शिसं कपारीत अडकतं. शिसं मुख्य दोरीवर न घालता वेगळ्या, ०.२० च्या कमजोर तंगुसाच्या तुकड्यावर बांधा. अडकलं तर फक्त तो तुकडा तुटेल आणि मासा हातात राहील.

रॉड ८ ते १० फुटी, रीळ मध्यम. रॉड नसेल तर हातदोरीही चालते: ६० मीटर तंगूस प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळून, बाटली आडवी धरून फेकायची. रॉडसाठी बाभळीची बेचकी काठावर रोवा आणि टोकाला घुंगरू लावा. रात्री ते टोकापेक्षा खरं बोलतं.

जागा आणि चारा

२ ते ४ मीटर पाणी हाताशी असलेली जागा निवडा. नाला मिळतो ती तोंडं, बुडालेली बाभळीची खुंटं, जुनी बांधाची कड, आणि वारा ज्या काठावर येऊन आदळतो तो काठ. वाऱ्यासोबत तरंगलेलं खाणं तिथे जमतं आणि मागे मासे. मे महिन्यात दुपारी वरचं पाणी गरम होतं, म्हणून पहाटे ५ ते ९ आणि संध्याकाळी ६ नंतरच बसा. डिसेंबर-जानेवारीत जळगावचा पारा १० अंशांखाली जातो, मासा सुस्त असतो, आमिष अर्ध्या आकाराचं ठेवा आणि दुपारच्या उन्हात बसा. पहिल्या पुरानंतर पाणी गढूळ झालं की माशाला दिसत नाही, वास येतो, आणि शिंपला-खेकड्याचा खरा काळ तोच. याच दिवसांत माद्या अंड्यांनी फुगलेल्या असतात. पोट फुगलेला मासा आला तर पाण्यात सोडा, ओल्या हाताने.

चाऱ्यासाठी अर्धा किलो सरकीची ढेप (खान्देशात कुठेही मिळते) दोन तास पाण्यात भिजवा, त्यात एक किलो मक्याचा भरडा किंवा ज्वारीचं जाडसर पीठ, शिंपल्यांची पोटं आणि दहा-बारा ठेचलेल्या गोगलगाई. मळून लिंबाएवढे गोळे करा. मुठीत दाबल्यावर टिकले पाहिजेत आणि पाण्यात दोन मिनिटांत सुटले पाहिजेत. सुरुवातीला पाच-सहा गोळे गळ पडतो तिथेच टाका, मग अर्ध्या तासाला एक. फार टाकलं तर मासा चाऱ्यानेच पोट भरतो आणि तुमच्या गळाकडे ढुंकून बघत नाही.

फेकताना वरून झटका मारू नका. मऊ आमिष हवेतच सुटतं आणि चपळ बगळा ते घेऊन जातो. बाजूने, झोका देऊन, २०-३० मीटर पुरे. लांब फेकणं भागच असेल तर गळाला लावलेलं आमिष अर्धा तास फ्रीजरमध्ये किंवा बर्फाच्या बाटलीशी ठेवून घट्ट करा.

घुंगरू वाजल्यावर

टिकटिक, टिकटिक असं हलकं वाजलं की बारीक मासे किंवा खेकडा आहे. हिसका मारू नका. पाच मिनिटांत पुन्हा पाहा, आमिष संपलं असेल तर दोऱ्याचे वेढे वाढवा. खेकडे सतत येत असतील तर फोमचा तुकडा लावून आमिष वर घ्या, नाहीतर जागा बदला. चिलापी दोन झटके देते, दुसऱ्यालाच ओढा. सायप्रिनस चाटल्यासारखा खेळतो, दोरी हळूच ताणून चालू लागली की उचला. शिवडा आमिष धरून सरळ पळतो, त्याला चार-पाच हात जाऊ द्या, मग घट्ट ओढा.

शिंगाड्याच्या पाठीत आणि बाजूच्या पंखांत दातेरी काटे असतात, हाताने कवटाळू नका, ओलं फडकं वापरा आणि गळ पक्कडीने काढा. वामेच्या पाठीवर बारीक काट्यांची रांग असते, तिलाही मागून हात घालू नये.

दोरी जड, पण झटके नाहीत, संथ ओढ, असं वाटलं तर बहुधा कासव. तापीत कासवं आहेत आणि शिंपला त्यांचंही खाणं. कासवाला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. काठाला आणा, तोंडाला हात न लावता तंगूस गळाजवळ कापा आणि लगेच पाण्यात सोडा.

पावसाळ्यात बसताना दोन गोष्टी बघा. हतनूरला ४१ दरवाजे आहेत, पाणी सोडताना भोंगा होतो, आणि खालच्या बाजूचं पात्र पाहता पाहता भरतं. दरवाजांच्या खाली गळ घेऊन बसूच नका. काठाच्या काळ्या मातीत भेगा पडलेल्या असतील तर पाण्यात उतरू नका, पाणी भरल्यावर तो काठ खचतो.

निघताना शिंपा काठावर पसरू नका. म्हशीच्या खुरात आणि पोरांच्या पायात त्या रुततात. पिशवीत भरून घरी न्या, कुटून कोंबड्यांना घातल्या तर त्यांच्या अंड्यांचं कवच घट्ट होतं. उरलेले जिवंत शिंपले, गोगलगाई, झिंगे मात्र जिथून काढले त्याच पाण्यात सोडा. एका धरणातली गोगलगाय दुसऱ्या धरणात नेली की तिच्यासोबत कृमीही जातात. तुटलेला तंगूस गोळा करून घरी जाळा किंवा कापून टाका. हिवाळ्यात हतनूरच्या फुगवट्यात परदेशी पक्षी उतरतात, आणि त्यांच्या पायात अडकलेला अर्धा हात नायलॉन सोडवायला तिथे कोणी नसतं.